'फोनमध्ये आहे, बाई!'

प्रश्न (सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा, थोडक्यात): मी आठवीला शिकवते. मुलांना 'आमचा गाव' हा प्रकल्प दिला होता. एकतीस वह्या आल्या, त्यातल्या चोवीस वह्यांत गावच्या देवळावर शब्दन् शब्द सारखा परिच्छेद आणि त्यातलं सालही पटण्यासारखं नाही. मी शंका काढल्यावर एक मुलगा उभा राहून म्हणाला, "पण बाई, फोनमध्ये आहे!" त्याची पणजी घरात आहे, तिला कुणी विचारलं नाही. या साधनांमुळे ज्ञान वाटलं जातंय, की खरं काय याची आपली समजच बदलते आहे? आणि मी वर्गात नेमकं काय करू? तुम्ही कागद आणि संगणक दोन्ही आयुष्यभर हाताळलेत, म्हणून विचारते.

उत्तर:

बाई, आधी त्या मुलाची बाजू घेतो, मग तुमची.

"फोनमध्ये आहे" ही काही त्याच्या पिढीची नवी खोड नाही. आमच्या लहानपणी "पेपरात आलंय" म्हटलं की वाद मिटायचा, आजोबांच्या काळी "पोथीत आहे" म्हटलं की. माणूस कायम कुणाचा तरी हवाला देऊनच बोलत आलाय. पण पेपरात आलंय म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता यायचा: कुठल्या पेपरात, कधीच्या? पोथीत आहे म्हणणाऱ्याला विचारता यायचं: कुणाच्या घरची पोथी? "फोनमध्ये आहे" याला पुढचा प्रश्नच मुलांना सुचत नाही. फोन म्हणजेच त्यांना सांगणारा वाटतो, आणि खरा सांगणारा कोण ते दिसतच नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे: ज्ञान वाटलं जातंय हे खरंच, पण वाटता वाटता त्याचा पत्ता गळून पडतो. कुणी सांगितलं, कधी, कशावरून, हा पत्ता. आणि पत्ता नसलेली माहिती पुरेशा वेळा डोळ्यांखालून गेली की तीच खरी वाटायला लागते.

मी १९९१ मध्ये पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या संदर्भ विभागात लागलो. काम कात्रणांचं. रोज सकाळी सहा-सात वर्तमानपत्रं, कात्री, पट्टी, खळ आणि खाकी पाकिटं. पाकिटांवर विषय: 'म्हादई', 'खाणी', 'फेरीबोट', 'राजभाषा'. बातमी कापायच्या आधी तिच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: पेपर, तारीख, पान. कापल्यावर लिहू म्हटलं तर झालंच. वरचा पंखा दोन कात्रणं एकत्र करतो आणि कुठलं कुठलं ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात मी कुळ-मुंडकार कायद्यावरचा एक लांबलचक लेख तारीख न टाकता कापला. विभागप्रमुखांनी तो माझ्यासमोर टोपलीत टाकला. म्हणाले, "तारीख नसलेलं कात्रण म्हणजे रद्दी." मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता फोनवर दिवसभर जे सरकत जातं ते बघताना त्यांची ती टोपली आठवते.

आता तुमच्या देवळाचं साल. असाच एक गुंता मी पूर्वी सोडवलाय, दुसऱ्या तालुक्यातल्या एका देवळाचा. एका वाचकाने विचारलं होतं. इंटरनेटवर जिथे पाहावं तिथे '१६१२'. एवढं नेमकं साल आलं कुठून म्हणून मी एकेक पान मागे जात राहिलो. सगळ्यात जुना धागा सापडला तो १९९० च्या दशकातल्या जत्रेच्या एका स्मरणिकेत. तिथलं वाक्य असं: "हे देवस्थान सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे असावे, असे जुनी माणसे सांगतात." पुढे पर्यटकांसाठीच्या एका संकेतस्थळावर ते झालं, "हे देवस्थान चारशे वर्षांपूर्वीचे आहे." सुमारे गेलं, असावे गेलं, जुनी माणसंही गेली. मग २०१२ मध्ये कुणीतरी वजाबाकी केली. दोन हजार बारातून चारशे गेले, उरले सोळाशे बारा. त्यानंतरच्या सगळ्यांनी "इ.स. १६१२ मध्ये उभारलेले हे पुरातन मंदिर" असंच लिहिलं.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने वाक्य जरासं नीटनेटकं केलं, एवढंच. 'असावे' हा आपल्या भाषेतला फार कामाचा शब्द. सांगणाऱ्याला खात्री नाही हे एका क्रियापदात कळतं. माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते तेव्हा पहिला बळी त्याचाच पडतो.

त्यात आपल्या गोव्यात "देऊळ कधी बांधलं?" हा प्रश्नच अवघड. पोर्तुगीजांच्या काळात इथले बरेच देव मूळ गावातून हलवले गेले. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये प्रियोळला आणला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली आणि तिथलं आजचं देऊळ अठराव्या शतकातलं. मग साल कुठलं धरायचं: मूळ स्थानाचं, स्थलांतराचं, की आज दिसतं त्या बांधकामाचं? म्हाताऱ्या महाजनाला, म्हणजे देवळाच्या पिढीजात मानकऱ्याला, विचारलंत तर तो ही तिन्ही उत्तरं देईल, वर देवाने नदी कशी ओलांडली तेही सांगेल. संकेतस्थळावरच्या चौकटीत 'स्थापना' या शब्दापुढे एकाच आकड्याची जागा असते. आणि ती जागा रिकामी सोडायची कुणाची तयारी नसते.

राहिल्या त्या चोवीस वह्या. मुलांना सांगा, हे चोवीस साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराच्या चोवीस झेरॉक्स आहेत. मुलांनाच का, मोठ्यांनाही हे पटवायला वेळ लागतो, कारण आपलं डोकं तसंच घडलेलं आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं दिली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं दर वेळी परत यायची. खरी असोत की खोटी, परत परत आलेली विधानं मुलांना अधिकाधिक खरी वाटत गेली. तेव्हा ना इंटरनेट होतं ना फोन. फोनने फक्त परत परत येण्याचा खर्च शून्यावर आणला.

२०२१ चा पूर तुम्ही सत्तरीतच अनुभवला असेल. २३ जुलैला म्हादईचं पाणी चढलं, इकडे साखळीत वाळवंटी नदीचं. त्या दिवशी दुपारी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला: बसस्थानकात पाणी, छपरापर्यंत बुडालेल्या बसगाड्या, खाली मजकूर 'वाळपई आता'. माझी बहीण रडायलाच लागली, तिची सून तिथे नोकरीला. मी व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला. बसगाड्या लाल. म्हणजे महाराष्ट्राची एसटी, आपली गोव्याची कदंब नव्हे. वाळपईच्या स्थानकात एकाच वेळी एवढ्या एसट्या कशाला येतील? तो चिपळूणचा व्हिडिओ होता, आदल्या दिवशीचा. तिथलं स्थानक खरोखरच बुडालं होतं. पूर खरा, पाणी खरं, बसही खऱ्या, खोटा फक्त पत्ता. अशा गोष्टी पूर्ण बनावट मजकुरापेक्षा जास्त चालतात, कारण त्यांत बनावट असं काही सापडतच नाही.

त्या व्हिडिओच्या डोक्यावर दुहेरी बाण होता. मुलांना त्याचा अर्थ बहुधा माहीत नसतो: हा मजकूर निदान पाच हात फिरून आलेला आहे. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. देशात त्या वर्षी असे प्रकार बरेच घडले. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये दुहेरी बाणाच्या मजकुरासाठी ती एकावर आणली. बाण सांगतो की हे बरंच फिरलंय. निघालं कुठून ते मात्र सांगत नाही.

पूर्वी सगळं छान होतं असंही म्हणणार नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी कॉलेजात होतो. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ही गर्दी, आणि रांगेत जितकी तोंडं तितके आकडे. कुणी म्हणे बसच्या बस गेली, कुणी म्हणे सुरुंग होता. अफवा तेव्हाही फोनइतक्याच वेगाने धावली असेल, निदान बेतीपासून पर्वरीपर्यंत तरी. पण प्रत्येक अफवेला एक प्रश्न ठरलेला होता: "तुका कोणें सांगलें?" आणि उत्तर असायचं. "फेरीवरच्या तिकीटवाल्याच्या भावाने." मग तिकीटवाला समोरच असायचा, त्याला विचारलं की तो म्हणायचा, माझा भाऊ चार दिवस झाले मुंबईला आहे. अफवेला तोंड होतं, म्हणून ती धरता यायची.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे येतो. माझ्या मते ती जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: गावांची नावं.

माझ्या फोनमधल्या नकाशाच्या बाईने परवा केपेला 'क्वेपेम' म्हटलं. तिचा दोष नाही. पोर्तुगीजांनी आपली नावं त्यांच्या कानाने आणि त्यांच्या लिपीच्या नियमांनी लिहिली. त्यांच्या लेखनात 'क्यू-यू' म्हणजे 'ए', 'इ'च्या आधीचा साधा क, 'एक्स' म्हणजे बरेचदा श, आणि शेवटचा 'एम' म्हणजे म नव्हे, नुसता नाकातला अनुस्वार. तो नियम ठाऊक असलेला माणूस 'केपें' वाचेल. यंत्र ते इंग्रजी समजून वाचतं आणि क्वेपेम, बिचोलिम (डिचोली), सान्क्वेलिम (साखळी) अशी न पाहिलेली गावं जन्माला येतात. डिचोलीचा माणूस हसून सोडून देतो. पण शोधताना काय होतं पाहा. 'आरंबोल' शोधलंत तर किनारा, योग, पार्टी, भाड्याच्या स्कूटर. 'हरमल' शोधलंत तर भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची, पंचायत, शाळेचा निकाल, तेही थोडंथोडकं. एकाच गावाचे दोन गाव झाले, आणि जगाला दिसतो तो पहिला. तिथे जन्मलेली पोरंही बाहेरच्यांशी बोलताना आता आरंबोलच म्हणतात.

एकदा का गाव पडद्यावरून ओळखला जाऊ लागला की पडद्यावरच्यासारखं दिसणं हेच त्याचं काम होऊन बसतं. पर्रा गावातला माडांच्या ओळींमधला रस्ता पाहा. सिनेमात दिसला, फोटोंतून फिरला, आणि लोक भर रस्त्यात उभे राहून फोटो काढायला लागले. २०२० मध्ये पंचायतीने त्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली तेव्हा देशभर बातमी झाली. पणजीतल्या फोंतैन्यसमध्ये लोकांनी आपापल्या घरांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्यात. मी तिथे एका ओळखीच्या बाईंकडे बसलो होतो. खिडकीबाहेर एक मुलगी पोझ देत होती. बाई म्हणाल्या, "तिला घर दिसतं, मी दिसत नाही." असो.

मराठीपुरतं एक दुखणं आहे, त्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. २००० नंतर आमच्या जुन्या अंकांचं स्कॅनिंग सुरू झालं. लोकांना वाटतं जुनं शोधणं कठीण आणि नवं सोपं. आमच्याकडे उलटं झालं. १९९० ते २००८-०९ पर्यंतचे अंक संगणकावरच जुळवलेले, पण श्रीलिपी, आकृती अशा फाँटमध्ये. त्या काळात प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची आकडेवारी वेगळी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अग्रलेखाच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. मजकूर आहे, पण शोधला तर येत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरांची एकच आकडेवारी, सगळीकडे रुळेपर्यंतची ही वीसेक वर्षं गोव्याच्या मराठी पत्रकारितेची भरभराटीची, आणि इंटरनेटच्या लेखी ती जवळपास कोरी. आज एखादा विद्यार्थी त्या काळावर प्रबंध लिहायला बसला तर त्याला इंग्रजी पेपरांतलाच गोवा सापडेल आणि तो मानेल की मराठीत कुणी काही लिहिलंच नाही.

छापील अंकाचं स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यावीत म्हटलं, तर ध चा घ, भ चा म, थ चा य. 'भाटकार' (जमीनदार) शोधून काही येईना म्हणून मी एकदा वैतागून 'माटकार' टाकलं, तर चाळीसच्या वर बातम्या आल्या! तेव्हापासून माझ्या टेबलावर यंत्राच्या चुकांची एक यादीच चिकटवलेली असायची. ध चा मा हा आपल्या इतिहासातला जुना खेळ, पण इथे त्यामागे कुणी आनंदीबाईही नाही.

टिकण्याचं म्हणाल तर २००४ मध्ये सीडीवर घातलेले आमचे आठशे फोटो २०१३ मध्ये उघडेनात. त्याच कपाटातले १९६० च्या दशकातले कागदी फोटो वाळवीने कडा खाल्लेले, पण डोळ्यांना दिसत होते. आणि कागदाचाही भरवसा किती ते सांगतो. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीत रायतूरला छापलं, पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपल्यापर्यंत आलं ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. गोव्यात भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आला, त्याचं आपल्याला कौतुक, पण मराठीतलं पुराण वाचवलं ते नकलाकारांनी.

आता कागदाची बाजू घेणाऱ्यांनाही थोडं सुनावतो, मीही त्यांच्यातलाच. कागदावर असलं तेच खरं, या समजुतीने आपण किती जणांचं ज्ञान पुसलं! सांगे तालुक्यात रिवण गावाजवळ कुशावतीच्या काठी जांभ्या खडकावर कोरलेली चित्रं आहेत, उसगाळीमळची. बैल, हरणं, माणसं, चक्रव्यूहासारखी वर्तुळं, शंभरावर आकृत्या. १९९३ मध्ये ती 'सापडली' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. तिथल्या लोकांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, गुराख्यांनी काढलेली म्हणून. सापडली ती दप्तराला. गंमत म्हणजे त्यांचं वय शोधायला गेलात तर तीन-चार हजारांपासून वीस-तीस हजार वर्षांपर्यंत काहीही मिळेल. कोरीव रेघेत कोळसा नाही की हाड नाही, वय काढायचं कशावरून? तरी प्रत्येक संकेतस्थळ आपला आकडा छातीठोक सांगतं.

आणि गोव्यात कागद वाचता येणारे होते किती? गावच्या जमिनीचे दस्त पोर्तुगीजमध्ये, त्याआधीचे मोडीत नाहीतर गोंयकानडी लिपीत. आपल्याच गावाबद्दल काय लिहिलंय ते वाचायला माणसाला कुणाच्या तरी पाया पडावं लागायचं. १८३२ पासूनची आपली मध्यवर्ती लायब्ररी पणजीत, आता पाट्टोवर. वाळपईहून तिथे यायचं म्हणजे रोजंदारीवाल्याचा दिवस बुडाला. आज मराठी विश्वकोश तुमच्या वर्गात फोनवर उघडतो. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, देवनागरीतच आहे, तुमच्या मुलांना सहज वाचता येईल. कुणी फोन बंद करा म्हणालं की मला हे सगळं आठवतं, आणि मी गप्प बसत नाही.

नव्या बोलक्या यंत्रांबद्दलही, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणाऱ्या एआयबद्दल, तुम्हाला चिंता असणारच. ही यंत्रं मुळात पुढे कुठला शब्द यावा याचा अंदाज बांधतात, अफाट मजकूर वाचून. जिथे मजकूर भरपूर तिथे अंदाज बरोबर येतो, आणि सत्तरीतल्या एखाद्या गावाबद्दल मराठीत मजकूर तो किती असणार? पण अंदाज कच्चा पडला म्हणून भाषा अडखळत नाही, हीच अडचण. माणसाला माहीत नसलं की तो चाचरतो, डोकं खाजवतो, "असावं बहुतेक" म्हणतो. यंत्र चुकीचं उत्तरही त्याच ठसक्यात देतं. मी एकदा म्हादईच्या खोऱ्यातल्या जुन्या बंधाऱ्यांवर संदर्भ मागितला, तर लेखक, प्रकाशक, पानांसकट पुस्तक मिळालं. दोन दिवस शोधलं. असं पुस्तकच नाही.

आता वर्गात काय करायचं ते. मी शिक्षक नाही, पण आमच्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलांकडून जे करून घ्यायचो ते सांगतो.

प्रकल्पाच्या वहीत उजवीकडे एक रकाना आखायला लावा. त्याला शीर्षक द्या, 'कोणें सांगलें?' डावीकडच्या प्रत्येक वाक्यापुढे तिथे काहीतरी लिहिलंच पाहिजे: पणजी, वय अंदाजे ९०, अमुक तारखेला स्वयंपाकघरात. किंवा अमुक संकेतस्थळ, अमुक दिवशी पाहिलं. रकाना रिकामा असेल तर गुण कापू नका, त्या वाक्यात 'असावे' घालायला सांगा. एवढ्याने निम्मं काम होतं. आमच्याकडे एका मुलीचा रकाना पूर्ण भरलेला होता, सगळीकडे एकच नोंद, 'फोन'. तिला म्हटलं, फोन कुणाचा? म्हणाली, पप्पांचा! आम्ही दोघंही हसलो, आणि मग तिला मुद्दा कळला.

एक तास फक्त बोलक्या यंत्राला तुमच्या गावाबद्दल प्रश्न विचारण्यात घालवा. ज्याची उत्तरं मुलांना डोळे मिटून माहीत आहेत तेच विचारायचं: आठवड्याचा बाजार कधी, ओहोळाला नाव काय, जत्रा कुठल्या तिथीला. तोच प्रश्न दोनदा विचारायचा. मुलं तुम्हाला न सांगता स्वतःच चुका पकडायला लागतील. जे आपल्याला माहीत आहे त्यात यंत्र एवढं चुकतं, मग जे माहीत नाही त्यात किती, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

पणजीचं बोलणं रेकॉर्ड करा, पण सुरुवातीला तिच्याच आवाजात नाव, गाव आणि 'हे इतरांनी ऐकलं तर चालेल' हे येऊ द्या. ते थेट विकिपीडियावर चढवायला जाऊ नका. तिथे आधी प्रसिद्ध झालेल्या आधाराशिवाय काही ठेवत नाहीत, आणि मुलांचं लिखाण पुसलं गेलं की ती हिरमुसतात. आधी शाळेच्या हस्तलिखितात घ्या, वार्षिकात छापा, एक प्रत लायब्ररीला द्या. छापून झालं की पुढच्या माणसाला निदान बोट ठेवायला जागा होते.

आणि सगळंच वाटायचं नसतं, हेही त्यांना सांगा. देवराईतली अमुक मुळी कुठे मिळते, एखादा धबधबा कुठल्या वाटेने, हे गावाला माहीत असतं आणि गावातच राहिलेलं बरं. २०२३ च्या पावसाळ्यात माणसं बुडाली आणि वनखात्याला अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाणं बंद करावं लागलं. काही वाटा रील्सनीच उघड केल्या होत्या.

राहता राहिलं तुमच्या देवळाचं साल. ते मी सांगणार नाही, कारण माझ्याकडेही पत्ता नाही. पण शोधायचं कुठे ते सांगतो. गोव्यातली देवस्थानं १९३३ च्या माझानियांच्या (महाजनांच्या संस्थांच्या) कायद्याखाली चालतात आणि मामलेदार हा देवालयांचा प्रशासक असतो, म्हणून महाजनांची यादी आणि देवस्थानाची घटना (नियमावली) तिथल्या दप्तरात असायला हवी. वाळपईच्या मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन जा, जमलं तर दोन मुलांना बरोबर न्या. समितीच्या सेक्रेटरीकडे जुन्या स्मरणिका विचारा, त्या बहुधा नैवेद्याच्या भांड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर असतात. सापडली तर मधल्या लेखाचा फोटो नुसता पाठवू नका. मुखपृष्ठ पाठवा, आणि जाहिरातींनंतरचं शेवटचं पानही. तिथे तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि वर्ष असतं.